धूळ वाजवायची तर: पीएमएस५००३ सेन्सर आणि सात नळ्यांचं शिल्प

प्लँटॉवरचा पीएमएस५००३ हा हवेतली बारीक धूळ मोजणारा सेन्सर. माप ५० × ३८ × २१ मिमी. आत एक लेझर, एक चिमुकला पंखा आणि प्रकाश टिपणारा डायोड. पंखा हवा ओढतो, कणांवर आपटून विखुरलेला प्रकाश डायोड टिपतो, आणि आतली चिप हिशेब करून साधारण दर सेकंदाला ३२ बाइटचं एक पॅकेट बाहेर सोडते. जगभर बसवलेल्या पर्पलएअर कंपनीच्या पीए-टू या बाहेरच्या हवामापकांत हेच सेन्सर असतात, एकेका मापकात दोन-दोन.

हे परीक्षण एकाच वापरापुरतं आहे: हवेच्या आकड्यांवर वाजणारं शिल्प करायचं तर हा सेन्सर कसा? उत्तर आधीच सांगून टाकतो. उत्तम आहे, पण त्याच्या माहितीपत्रकातल्या अर्ध्या आकड्यांकडे दुर्लक्ष करायची तयारी हवी.

अशा शिल्पांत दोन घराणी दिसतात. क्रोएशियातल्या झादर शहरात २००५ साली वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाटा हवा ढकलतात, नळ्या वाजतात. तिथे सेन्सर नाही, आकडाही नाही. दुसरीकडे अलास्कातल्या फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयात २००६ पासून जॉन ल्यूथर ॲडम्स यांची एक खोली आहे. तिथे भूकंपमापकांची, भूचुंबकीय हालचालींची आणि सूर्य-चंद्राच्या स्थितीची माहिती थेट ध्वनीत बदलते, पण आवाज येतो स्पीकरमधून. इथे तिसरी वाट धरली आहे. आकडा सेन्सरचा, आवाज मात्र टांगलेल्या सात ॲल्युमिनियम नळ्यांवर पडलेल्या खऱ्या ठोक्याचा. धूळ समुद्रासारखी नळीत फुंकर घालू शकत नाही, म्हणून मध्ये सेन्सर लागतो. आणि स्पीकर टाळायचा कारण खोलीत फिरताना नळीचा आवाज बदलतो, ठोका कुठून आला ते डोळ्यांना दिसतं.

सहा आकडे म्हणजे सहा वाद्यं नव्हेत

पॅकेटमध्ये बारा मोजमापं येतात. पहिली सहा वजनाची, म्हणजे १, २.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं वजन (पीएम१, पीएम२.५ आणि पीएम१०) प्रत्येकी दोन पद्धतींनी, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. पुढची सहा कणांच्या संख्येची: ०.१ लिटर हवेत ०.३, ०.५, १, २.५, ५ आणि १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती. ही यादी बघितली की कोणालाही मोह होतो की सहा आकारांचे कण आहेत तर सहा वेगळे सूर लावू, बारीक कणांना तार सप्तक, जाड कणांना खर्ज.

हा मोह आवरा. हा सेन्सर ०.३ ते १ मायक्रॉनच्या आसपासचे कण बरे पाहतो. जाड कण त्याच्या नजरेत नीट येतच नाहीत, आणि वरच्या आकारांचे आकडे बव्हंशी बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतात. परिणाम असा की सहाही आकडे एकत्र चढतात नि एकत्र उतरतात. सहा सूर लावले तर सहाही एकदम वाजतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपण हवेचा गुंतागुंतीचा पट ऐकतोय. प्रत्यक्षात एकच गोष्ट सहादा ऐकू येते. बांधकामाची किंवा रस्त्यावर उडणारी जाड धूळ तर जवळजवळ निसटतेच. समोर इमारत पाडत असतील आणि शिल्प शांत बसलं तर दोष वायरिंगमध्ये शोधू नका.

मग काय वापरायचं? ०.३ मायक्रॉनवरची संख्या, आणि फक्त तीच. वजनाचा आकडा पूर्णांकात येतो. स्वच्छ दिवशी तो ८, ९, ८, ९ असा अडखळतो आणि शिल्पही तसंच अडखळतं. कणसंख्या शेकड्यांत-हजारांत असते, तिची हालचाल कितीतरी नितळ मिळते. उदबत्ती लावली, शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली, की काही सेकंदांत ती उडी घेते. शिल्पाला हवी ती चपळाई इथे आहे.

साहित्य

ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक) १, पीएमएस५००३ १, तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई२८० १, १२ व्होल्टचे छोटे पुश-पुल सोलेनॉइड ७ (वीज दिली की दांडा पुढे ढकलणारे, १० मिमी हालचालीचे, परत खेचणारी स्प्रिंग असलेले), त्यांची वीज चालू-बंद करणारे आयआरएलझेड४४एन मॉसफेट ७, १एन४००७ डायोड ७, १० किलोओहमचे रोध ७, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर १, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, ५ व्होल्टसाठी बक कन्व्हर्टर, आणि धातूच्या दात्यांचा एमजी९०एस सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) १. नळीसाठी बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी २ मिमी अशी ॲल्युमिनियमची बारा फुटी एक लांबी पुरते.

इलेक्ट्रॉनिक्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. सेन्सरसोबत त्याची बारीक आठ पिनांची वायर आहे ना ते दुकानातच बघून घ्या. जोडणीचं अंतर १.२५ मिमी असतं, नेहमीच्या ब्रेडबोर्डच्या तारा त्यात जात नाहीत आणि ही वायर सुटी शोधणं सेन्सर शोधण्यापेक्षा जड जातं. वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात पडण्याची शक्यता असते, तेव्हा घरी आल्यावर एअर प्युरिफायरच्या स्वच्छ हवेच्या तोंडाशी सेन्सर धरा. मिनिटभरात पीएम२.५ शून्य-एकवर यायला हवा. १० वरच अडून राहिला तर परत करा.

नळ्या

दोन्ही टोकं मोकळी असलेल्या नळीचा मूळ सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वरच्या मापाच्या ॲल्युमिनियम नळीसाठी १४७ भागिले लांबीचा (मीटरमधल्या) वर्ग केला की कंपनसंख्या मिळते. ५०० मिमीला सुमारे ५८७ येतात, म्हणजे सफेद दोनचा षड्ज. त्यावरून भूपाचे सूर असे कापायचे: सा ५००, रे ४७१.४, ग ४४७.२, प ४०८.२, ध ३८७.३, तार सा ३५३.६ मिमी. सातवी नळी ४४५ मिमीची. ती मुद्दाम बेसूर आहे, तिचं काम पुढे येईल.

सगळ्या नळ्या एकाच लांबीतून काढा. जाडी छापलेल्यापेक्षा थोडी कमी-जास्त निघाली तरी सगळ्यांना सारखाच फरक पडतो. षड्ज सरकेल, पण सुरांमधली नाती टिकतील. दोन दुकानांतल्या दोन नळ्या मिसळल्या की हे गणित कोसळतं. प्रत्येक नळी २ मिमी जास्त कापून कानशीने उतरवत आणा, कारण लांब नळी घासून वर चढवता येते, आखूड झालेली खाली आणता येत नाही. ५०० मिमीच्या नळीत १ मिमीने ७ सेंटचा (अर्ध्या सुराचे शंभर भाग म्हणजे सेंट) फरक पडतो, ३५४ च्या नळीत जवळपास १० सेंटचा. फोनवरचा ट्यूनर चालतो, फक्त ठोका नळीच्या मध्यावर द्या. मध्यावर मूळ सूर सर्वांत जोमाने उठतो आणि त्याच्या वरचा, सुमारे २.७६ पट कंपनांचा सूर दबतो. टोकाला मारलात तर ट्यूनर गोंधळतो.

टांगायचं भोक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर: षड्जाच्या नळीला ११२ मिमी, तार षड्जाला ७९ मिमी. ही जागा कंप पावत नाही, म्हणून दोरा तिथे आवाज खात नाही. १० मिमी चुकलं तरी नाद लक्षात येण्याइतका मरतो. दोरा मासेमारीचा नायलॉन. स्टीलची तार भोकाच्या कडेवर खरखरते आणि ती खरखर नंतर कुठून येते ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

नेमकी इथेच बहुतेक शिल्पं फसतात. नुसती वरून टांगलेली नळी पहिल्या ठोक्याला झुलते, दुसरा ठोका येतो तेव्हा ती जागेवर नसते, आणि सोलेनॉइड हवेत दांडा मारत बसतो. उपाय सोपा आहे. खालच्या टोकापासूनही २२.४ टक्क्यांवर भोक पाडा आणि तिथून सैलसर दोऱ्याने नळी चौकटीला बांधा. नाद जात नाही, झुलणं थांबतं.

सोलेनॉइडचा दांडा पूर्ण बाहेर आला की नळीपासून २ मिमी अलीकडे थांबला पाहिजे. शेवटचे २ मिमी तो स्वतःच्या वेगाने जातो, नळीला लागून लगेच मागे येतो. नळीला टेकून राहणारा दांडा तिचा नाद गिळतो आणि 'टण्ण'ऐवजी 'थड' ऐकू येतं. त्यासाठी चौकटीत सोलेनॉइडची भोकं लांबट ठेवा, म्हणजे मागेपुढे सरकवता येतील. दांड्याच्या टोकाला नायलॉनचं बोंड किंवा जाड चामडं लावा. उघडं लोखंड कर्कश लागतं, फेल्ट फार बोथट.

जोडणी

सेन्सरला ५ व्होल्ट लागतात कारण पंखा त्यावर चालतो, मात्र माहितीची तार ३.३ व्होल्टची आहे, म्हणून ती ईएसपी३२ ला सरळ जोडता येते. सेन्सरची पाचवी पिन बोर्डच्या १६ व्या पिनवर, माहितीचा वेग सेकंदाला ९६०० बिट. बोर्ड 'रोव्हर' जातीचा असेल तर १६ आणि १७ या पिना आतल्या मेमरीने व्यापलेल्या असतात. तिथे दुसरी पिन निवडा, नाहीतर बोर्ड नुसता पुन्हापुन्हा सुरू होत राहील. सेन्सरच्या सातव्या-आठव्या पिनांना हात लावू नका.

सोलेनॉइडसाठी २५, २६, २७, ३२, ३३, १३ आणि ४ या पिना ठीक. पिन १४ टाळा, बोर्ड सुरू होताना ती स्वतःहून फडफडते आणि शिल्प कारण नसताना वाजतं. ३४ ते ३९ या पिना फक्त वाचण्यासाठी आहेत. प्रत्येक मॉसफेटच्या गेटवरून (त्याला हुकूम देणाऱ्या पिनवरून) ग्राउंडकडे १० किलोओहमचा रोध, प्रत्येक सोलेनॉइडवर उलटा डायोड. डायोड विसरलात तर मॉसफेट थोडे दिवस चालतो आणि मग मरतो.

ठोक्याची वेळ २० ते ३० मिलिसेकंद. याहून लांबवली की आवाज वाढत नाही, फक्त कॉइल तापते. प्रोग्रॅम अडकून एखादी पिन चालूच राहिली तर सोलेनॉइड हात लावता येणार नाही इतका गरम होतो, म्हणून १०० मिलिसेकंदांनंतर सगळ्या पिना बंद करणारा पहारा प्रोग्रॅममध्ये घालाच. एका वेळी एकच ठोका, दोन ठोक्यांत निदान ४० मिलिसेकंद. सात कॉइल एकदम ओढल्या तर ३ अँपिअरचा अडॅप्टर बसतो आणि बोर्ड रीसेट होतो. मोठा कपॅसिटर सोलेनॉइडांच्या जवळ लावा. बोर्डपाशी लावून उपयोग थोडा.

पॅकेट वाचताना पहिले दोन बाइट ६६ आणि ७७ आहेत का आणि पहिल्या ३० बाइटांची बेरीज शेवटच्या दोन बाइटांशी जुळते का, दोन्ही तपासा. हे न करता वाचणारे नमुना-प्रोग्रॅम नेटवर सापडतात. एक बाइट सरकला की ते कणसंख्या म्हणून भलताच आकडा उचलतात आणि शिल्पाला झटका आल्यासारखं होतं. सेन्सर जागा झाल्यावर पहिले ३० सेकंद त्याचं काही ऐकू नका, पंख्याला वेग धरायला तेवढा वेळ लागतो.

आकड्याचा ठोका कसा करायचा

शेवटच्या ५ वाचनांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा, घ्या. संख्या ५०० असताना मिनिटाला ४ ठोके, आणि संख्या दुप्पट झाली की ठोके दीडपट: १००० ला ६, २००० ला ९, ८००० ला साधारण २०, ३२,००० ला ४६. कमाल ६०. सरळ प्रमाण ठेवलं तर स्वच्छ दिवशी शिल्प मुकं आणि दिवाळीच्या रात्री मशीनगन.

ठोक्यांमधलं अंतर सारखं ठेवू नका. ० ते १ मधला यादृच्छिक आकडा घेऊन त्याचा ऋण नैसर्गिक लॉगॅरिदम सरासरी अंतराने गुणा. पावसाचे थेंब पत्र्यावर पडतात तशी वाटणी मिळते. सारख्या अंतराचा ठोका कान दोन मिनिटांत ऐकायचं सोडून देतो.

कोणती नळी वाजवायची ते दिशेवरून ठरवा. आताचा मध्यक गेल्या तासाच्या मध्यकापेक्षा दहा टक्क्यांहून वर असेल तर आरोही, खाली असेल तर अवरोही, अधेमधे असेल तर षड्ज-पंचमाच्या आसपास रेंगाळणं. धूळ वाढतेय की ओसरतेय हे आकडा न बघता कळतं, आणि भूपाची सवय असलेल्या कानाला तर लगेच.

आता बेसूर नळी. भूपाच्या पाच सुरांत काहीही वाजवा, गोडच लागतं. विषारी हवाही गोड लागते. आकड्यांवरून संगीत करणाऱ्या निम्म्या प्रयोगांची हीच गोची आहे. ४४५ मिमीची नळी गंधाराच्या नळीपेक्षा २.२ मिमीने आखूड आहे. दोन्ही लागोपाठ वाजल्या की सेकंदाला सुमारे ७ आंदोलनं उठतात, अंगावर येणारी. पीएम२.५ ची तासाभराची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या वर गेली तरच ही जोडी वाजू द्या. ६० ही भारतातली २४ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. तासाच्या आकड्याला दिवसाची मर्यादा लावणं शास्त्राला धरून नाही हे मान्य, पण रसिकाने २४ तास थांबावं अशी अपेक्षाही धरता येत नाही. शिल्पाशेजारच्या पाटीवर तेवढं लिहून ठेवा.

दमट हवा

या सेन्सरचं खरं दुखणं इथे आहे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात, प्रकाश जास्त विखुरतात, आणि आकडा खोटा चढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअरसाठी काढलेल्या दुरुस्ती-सूत्रात आर्द्रता घातली आहे ती याचसाठी, मात्र ते सूत्र तिकडच्या हवेवर बेतलेलं आहे, इथे जसंच्या तसं लावू नये. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० च्या वर असणं हीच रीत. पावसाने धूळ बसलेली असते आणि शिल्प मात्र कुरकुरत राहतं. धुक्याचे थेंबही त्याला धूळच वाटतात.

सूत्राने दुरुस्ती करण्यापेक्षा शिल्पानेच ती दाखवावी. सर्व्होच्या हाताला फेल्टची पट्टी लावा. आर्द्रता ८० च्या पुढे गेली की ती नळ्यांच्या खालच्या टोकांना टेकायला लागते, ९० ला पूर्ण. आवाज बुजतो. आकडा शंकास्पद आहे हे ऐकणाऱ्याला पाटी न वाचता समजतं. दुसऱ्या कुठल्या भागाच्या तांत्रिक लंगडेपणाचा असा दृश्य उपयोग होत नाही.

फक्त बीएमई२८० बोर्डाजवळ बसवू नका. बोर्डच्या उबेने तो २ अंश जास्त तापला तर ८५ टक्क्यांची आर्द्रता ७६ दाखवतो आणि फेल्ट हलतच नाही. त्याला चौकटीच्या खाली, सावलीत, लांब तारेवर ठेवा.

बसवणं आणि टिकणं

सेन्सरची हवा आत जायची आणि बाहेर पडायची तोंडं एकाच बाजूला आहेत. ती बाजू शिल्पाच्या भोकाशी घट्ट भिडवा आणि दोन्ही तोंडांमध्ये फोमची भिंत ठेवा, नाहीतर तीच हवा फिरून आत जाते. जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर बसवा, खालचे केस-धागे पंख्यात गुंडाळतात. नळ्यांना भोकं पाडून झाल्यावर चौकट पुसून काढा, मगच सेन्सर लावा. पोकळ लाकडी खोडात बसवलात तर पंख्याची बारीक घरघर खोड मोठी करून ऐकवतं. फोमच्या पट्टीवर चिकटवा. उघडायला सेन्सर बनलेलाच नाही.

कंपनीच्या मते सरासरी आयुष्य ३ वर्षं. रात्री १० ते सकाळी ६ झोपवलात तर पंखा जास्त टिकतो आणि सोसायटीशी भांडणही टळतं. उघड्यावर ठेवायचं असेल तर दोन सेन्सर लावा. आत कोळी शिरला की एकाचा आकडा वेडावाकडा होतो, आणि दुसऱ्याशी तुलना केल्याशिवाय तो कोळी आहे की धूर हे ओळखता येत नाही.

गुण द्यायचे तर एकाच आकड्यावर चालणाऱ्या शिल्पासाठी पाचपैकी साडेचार, सहा आवाजांच्या शिल्पासाठी दीड. सेन्सिरिऑनचा एसपीएस३० जास्त टिकतो, आपला पंखा आठवड्यातून एकदा आपणच जोरात फिरवून साफ करतो, पण बराच महाग पडतो. वर्षानुवर्षं टांगून ठेवायच्या कामाला तोच घ्या. नोव्हाचा एसडीएस०११ आकाराने मोठा आणि त्याचं आयुष्य ८००० तासांचं, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही नाही. आणि शिल्पाचा विषयच खाणीची किंवा बांधकामाची जाड धूळ असेल तर यातला एकही चालणार नाही. ०.३५ ते ४० मायक्रॉनपर्यंत एकेक कण मोजणारा अल्फासेन्सचा ओपीसी-एन३ लागेल, आणि मग सोलेनॉइड, नळ्या, अडॅप्टर सगळं मिळूनही त्याच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल.